डाव्या हाताची नाडी

"हे मशीन गेलं वाटतं गं. शेजारच्या खोलीतलं आण."

नर्स हे मला म्हणाली नव्हती. माझ्या डोक्यावरून, दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या नर्सला म्हणाली होती. माझ्या डाव्या दंडाला पट्टा आवळलेला होता, आणि स्टेथोस्कोप कानात घालून ती काहीतरी ऐकायची वाट बघत होती. दुसरं मशीन आलं. तेही गेलेलं निघालं.

उल्हासनगर कॅम्प तीनमधलं ते तपासणी केंद्र. खालच्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना होता, त्यामुळे जिन्यात निळ्या कातरणांचे ढीग आणि जमिनीला सतत एक थरथर. ऐरोलीच्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती. कॉल सेंटरमध्येही जागा होत्या, पण तिथे बोलावं लागतं. मी बॅक ऑफिस मागून घेतलं होतं. रुजू होण्याआधीचं मेडिकल तेवढं राहिलं होतं.

डॉक्टरीणबाई सिंधी होत्या, वयस्कर, घाईत. "क्या हुआ?"

"मॅडम, प्रेशर ही नहीं आ रहा. दोनों मशीन खराब हैं."

त्यांनी माझं मनगट धरलं. मग कोपराच्या आतली बाजू दाबून बघितली, मग काखेजवळ. त्यांची घाई कुठेतरी गेली. "बेटा, दूसरा हाथ दो."

उजव्या हाताला पट्टा बांधला. पारा वर चढला आणि खूप वेळ वरच राहिला. त्यांनी पुन्हा घेतलं.

"सिर में दर्द रहता है?"

"थोडा."

रोज दुखत होतं. पण कुणी विचारलं की "थोडं" म्हणायची मला सवय आहे.

"साथ में कौन आया है?"

कुणीच आलं नव्हतं. डाव्या हाताला काहीच लागत नव्हतं आणि उजव्या हाताचा आकडा दोनशेच्या वर होता. डॉक्टरीणबाई फोनकडे वळल्या. नर्सच्या तोंडावर मात्र हायसं वाटल्यासारखं दिसलं. मशीन ठीक होतं.

लो बीपीची मुलगी

त्या दिवसापर्यंत मी लो बीपीची मुलगी होते. नववीत असल्यापासून.

आम्ही अंबरनाथला राहतो. पप्पा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. आमच्या घरात उपास नाहीत, गंडेदोरे नाहीत, नवस नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि पप्पांचं एक ठरलेलं वाक्य: "आपल्या घरात अंधश्रद्धा चालणार नाही." मला इंग्लिश मीडियमला घातलं तेही त्याच हट्टानं. पप्पांबद्दल कडवटपणे लिहिताना मला हे आधी सांगणं भाग आहे.

नववीत मला बारीक ताप यायला लागला. वजन उतरलं. वेणी घालताना डावा हात वर धरला की तो जड व्हायचा, मग दुखायचा, मग खाली पडायचा. दोरीवर कपडे वाळत घालताना तेच. पप्पांची बहीण, माझी आत्या, बदलापूर गावात राहते. ती आली की बघायची आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "इंग्लिश शाळेत घातली ना वैनी, आता हिचे हात कुठून चालायचे? एबीसीडी लिहून दमले ते!"

सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसणारी मुलगी शिष्ट असते.

आमच्या फॅमिली डॉक्टरांचं टेबल भिंतीला लागून होतं आणि पेशंटचं स्टूल असं ठेवलेलं, की बसलं की डावा हातच त्यांच्याकडे यायचा. ते पट्टा बांधायचे, कपाळाला आठ्या घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "लो आहे. फारच लो. ह्या वयात मुलींचं असतंच. लिंबूपाण्यात मीठ-साखर घालून द्या रोज." उठून पलीकडे यायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. यायचं काही कारणही त्यांना वाटलं नसेल.

ताप जाईना तेव्हा आत्यानं शिवमंदिराच्या बाजूच्या एका वैद्यांचं नाव काढलं. पप्पा म्हणाले, "देवळात जायचं नाही. वैद्याकडे जायला हरकत नाही. नाडीपरीक्षा हे शास्त्र आहे." गेलो. वैद्य पांढऱ्या गादीवर बसले होते. मी उजवा हात पुढे केला तर ते हसले.

"मुलीचा डावा. पुरुषाचा उजवा, बाईमाणसाचा डावा. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?"

मी डावा दिला. त्यांनी तीन बोटं ठेवली. डोळे मिटले. मग उघडले, बोटं सरकवली, पुन्हा दाबली. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. ती नजर मला आजही आठवते, कारण तशी नजर मी नंतर पुष्कळ पाहिली. हातात काहीच लागत नाही हे कळलेल्या माणसाची ती नजर असते.

पण ते म्हणाले, "नाडी अतिशय सूक्ष्म आहे. वातप्रकृती. मुलगी मनाला लावून घेते."

गाडीत आई म्हणाली, "किती बरोबर सांगितलं बघ."

उजव्या हाताची नाडी टणटण उडत होती. ती कुणी बघितली नाही. अंधश्रद्धा न चालणाऱ्या आमच्या घरात बाईचा डावा हात हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

मग सकाळी उठल्यावर स्टीलच्या ग्लासात मीठ-साखर-लिंबूपाणी. आई चमच्यानं ढवळायची त्याचा आवाज माझ्या खोलीत यायचा. डोकं दुखतंय म्हटलं की आणखी एक ग्लास. परीक्षेच्या दिवसांत मीठ थोडं जास्त. दहावी, बारावी, बी.कॉम. मी ते पाणी पीत गेले. आईनं मला इतकं प्रेमानं दुसरं काहीच दिलं नसेल.

नाडी नसलेली मुलगी

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात भरती झाले तेव्हा कळलं की आजाराचं नाव जपानी आहे. आत्यानं ते उच्चारायचा एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. घरी आम्ही त्याला 'नसांची सूज' म्हणतो. डॉक्टर आपसात सोपं नाव वापरायचे: पल्सलेस. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची आणि तिच्या फांद्यांची भिंत सुजते, जाड होते, आतली वाट बारीक होत जाते. का होतं, हे नक्की कुणाला माहीत नाही. तरुण मुलींना जास्त होतं. माझी डाव्या हाताची वाट बंद झाली होती आणि किडनीकडे जाणारी एक अरुंद झाली होती. बीपी चढायचं ते त्या किडनीमुळे. म्हणजे बीपी खरं तर कधीचंच चढलेलं होतं. फक्त ते दिसेल असा हात कुणी मागितला नव्हता, आणि मी एकदा पुढे केला तेव्हा तो घेतला नव्हता.

वॉर्डात मी लवकरच प्रसिद्ध झाले. सकाळी राउंड झाला की शिकाऊ डॉक्टरांचा घोळका यायचा. "या, हिचा हात बघा. डावा." एकेक जण बोटं ठेवायचा. कुणी खूश व्हायचे, "खरंच नाही!" कुणी एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मी हात देऊन छताकडे बघत राहायचे. त्या हाताचा उपयोग अखेर कुणाला तरी होत होता.

त्यांच्यात एक मुलगी होती, माझ्याच वयाची वाटायची. ती बोटं लावायच्या आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. विचारायची, "बघू का?" नाही म्हणायची सोय तिच्या विचारण्यात होती, म्हणून मी तिला कधी नाही म्हटलं नाही. त्या वॉर्डात मला मिळालेली दया एवढीच, पण ती मला पुरली.

सीटी अँजिओचे फोटो बघून आमच्या मॅडमनी, म्हणजे ज्यांचे उपचार अजून चालू आहेत त्या डॉक्टरांनी, पप्पांना बोलावलं. खांद्याच्या बाजूला बंद पडलेली मोठी नस, आणि तिच्या आजूबाजूला बारीक बारीक वेड्यावाकड्या नसांचं जाळं.

"हे काय आहे?" पप्पांनी विचारलं.

"हे हिच्या शरीरानं स्वतः केलंय. मोठा रस्ता बंद पडला, तर बाजूनं नवे रस्ते काढले. म्हणून हात काळा-निळा पडला नाही."

मला कॅम्प तीन आठवलं. मेन रोड तुंबला की शेअर रिक्षावाले कुणाच्या तरी मागच्या अंगणातून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून रिक्षा काढतात आणि पोचवतातच. नववीपासून माझं शरीर कुणाला न विचारता हे करत होतं. घरातल्या कुणापेक्षाही ते जास्त कामात होतं.

कंपनीचं पत्र मी हॉस्पिटलात असतानाच आलं. 'अनफिट'. पप्पांनी ते मला वाचून दाखवलं नाही, मीच वाचलं. घरातलं सगळ्यात चांगलं इंग्लिश माझंच.

मिठाचा डबा

घरी आल्यावर मीठ बंद झालं. एक दिवस पप्पा भाजी चाखून म्हणाले, "एवढी वर्षं पोरीला मीठ पाजलं आपण."

आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"आपण? मी पाजलं म्हणा ना सरळ! डॉक्टरांनी सांगितलं ते दिलं. मी काय माझ्या मनानं दिलं? तुम्ही होतात ना तिथं? शास्त्र आहे म्हणालात!"

"मी तुला काही बोललो का?"

"बोलला नाहीत. तुम्ही बोलत नाही, ती बोलत नाही. सगळे माझ्याकडे बघत बसता नुसते."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की आई, तुझी चूक नाही. आणि खरंच तिची नव्हती. पण माझ्या आत एक जागा अशी होती की जिथून ते वाक्य वर येईना. मी उठून ताट मोरीत ठेवलं. आईनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि घासायला लागली.

ज्यांच्या घरी असा आजार निघालाय त्यांना सांगते: पहिले काही महिने घरात चूक कुणाची याचाच हिशेब चालतो. पेशंटची तब्येत त्यानंतर.

स्टेरॉइडनं माझा चेहरा गोल झाला. चंद्रासारखा म्हणतात, पण चंद्राला गालांवर लव नसते. भूक अशी लागायची की लाज वाटावी, झोप नाही, आणि कारण नसताना रडू. विहारात रविवारी वंदनेला गेले की बायका आईला म्हणायच्या, "तब्येत सुधारली हो पोरीची!" सुजलेल्या मुलीला सुधारलेली म्हणतात आणि वाळलेलीला नाजूक. आजारी कधी म्हणतात, ते मला अजून कळलेलं नाही.

बोलायचं नाही

वर्षभरानं रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. सुजेचा आकडा खाली. त्या संध्याकाळी आत्या पेढे घेऊन आली आणि पेढ्यांबरोबर एक स्थळ. मुलगा बदलापूरचा, बँकेत, आपल्यातलाच, एकुलता.

"दादा, आता गोळ्या बंद करून टाका. रिपोर्ट नॉर्मल आहे ना? तोंडाची सूज उतरली की फोटो काढू. असा फोटो कुठं दाखवायचा?"

पप्पांनी मॅडमना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत.

"रक्त चांगलं आहे, पण ह्या आजारात रक्त खोटं बोलतं कधी कधी. आणि सीटीत भिंत जाड दिसते, पण ती का जाड आहे ते सीटी सांगत नाही. भरून आलेल्या जखमेचा वण असेल, तर गोळ्या कमी करू. आत अजून धुमसत असेल, तर आत्ता बंद करणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. भिंतीत ज्या नव्या बारीक नसा फुटतात त्या दुरुस्तीच्याही असतात आणि सुजेच्याही. बाहेरून फरक कळत नाही. पेट स्कॅन करू."

"म्हणजे कापणार?" आईनं विचारलं.

"काही कापायचं नाही. एक सुई, बस. साखरेसारखं औषध असतं, त्याला किंचित किरणं देणारा पदार्थ जोडलेला. सुजेतल्या पेशी अधाशी असतात, ती साखर खातात. जिथे खातात तिथे स्कॅनमध्ये उजेड दिसतो."

मला बाकी काही नाही, एवढंच भावलं: मी काही न सांगता माझ्या आत काय चाललंय ते दिसणार होतं. आयुष्यभर मला असंच काहीतरी हवं होतं.

स्कॅनच्या दिवशी सुई टोचून मला एका छोट्या खोलीत बसवलं. आरामखुर्ची, पांघरूण, मंद दिवा. टेक्निशियन दारातून म्हणाला, "आता तासभर हलायचं नाही हां. आणि बोलायचं नाही. बोललं तर तोंडाचे स्नायू साखर खातात, फोटो बिघडतो. जमेल ना?"

मी मान हलवली. बोलले नाही. लगेच सुरुवात केली.

हसू मला तिथेच आलं. शाळेत "स्पीक अप", घरी "तोंड उघड की", इंटरव्ह्यूत "बी कॉन्फिडंट". आणि इथे एक माणूस मला सांगत होता की गप्प बसणं हाच इलाज आहे. त्या तासाभरात मला कुणी माझ्याबद्दल काही विचारलं नाही. मी अनेक महिन्यांत तशी झोपले नव्हते.

निघताना त्यानं सांगितलं, "आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब बसायचं."

आत्याची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि नेमकी त्या दिवशी आमच्याकडे आली होती. मला बाहेरच्या गॅलरीत खुर्ची दिली. जेवणाचं ताट आईनं उंबऱ्यावर ठेवलं आणि ती मागे सरकली. पप्पा आतून ते बघत होते. त्यांची आई, माझी आजी, सांगायची की तिला लहानपणी पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं. पप्पा ताडकन उठले, आपलं ताट घेऊन गॅलरीत आले आणि माझ्या शेजारी खाली बसून जेवले. आमच्या घरात प्रेम असं येतं, न बोलता. आणि बाकी सगळंही तसंच येतं, हा त्रास आहे.

उजेड

फोटोत माझ्या छातीतून मानेकडे जाणारी नस पेटलेली होती. पिवळी, कडेला लाल. पोटात खाली आणखी एक ठिपका, किडनीच्या वाटेवर. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, आणि आत हे.

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं बंद केल्या नाहीत गोळ्या. हे शांत होईपर्यंत हाताची नसही उघडता येणार नाही. सुजेवर हात लावला तर पुन्हा बंद पडते. आणि डाव्या हातावर वजन नको. तो हात राबला की मानेतलं रक्त तिकडे ओढून घेतो, मग चक्कर येते."

मी फोटोकडे बघत राहिले. भीती वाटली, पण खरं सांगू, बरंही वाटलं. नववीपासून जे 'मनाला लावून घेणं' होतं ते आता पिवळ्या-लाल रंगात समोर होतं, कुणालाही दिसेल असं.

घरी आल्यावर आत्यानं तो फोटो धरून बघितला, उलटा. "किती लग्न झालेल्या बायांना काय काय असतं. ते काय गावभर दाखवत फिरतात? मुलाकडच्यांना काही बोलायचं नाही. लग्नानंतर हळूहळू सांगता येतं. काय दादा?"

पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघायला तर येऊ देत."

आईनं फोटोचं पाकीट कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलं.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. लग्न करायचं होतं का? कदाचित हो. पण एका नव्या घरात जायचं, आणि तिथल्या नव्या सासूनं प्रेमानं मिठाच्या पापडापासून लोणच्यापर्यंत वाढायचं, आणि गोळ्या बाथरूममध्ये लपून घ्यायच्या, आणि एखाद्या दिवशी पडलं तर कुणीतरी पुन्हा डाव्या हाताला पट्टा बांधायचा. त्यात मी मेले असते. हे मी अलंकारानं म्हणत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हात भरून येणारी, चक्कर येणारी, 'नाजूक' मुलगी असेल तर एकच करा. दोन्ही हातांचं बीपी घ्यायला लावा. डॉक्टर रागावले तरी लावा.

कार्यक्रम

बघण्याचा कार्यक्रम आत्याच्या घरी ठरला, बदलापूर गावात, म्हणजे त्यांनाही जवळ. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मामा डॉक्टर होते, तिथेच दवाखाना. हे आत्याला माहीत होतं. आम्हाला आल्यावर कळलं.

स्वयंपाकघरात आत्यानं माझ्या हातात ट्रे दिला. चहा आणि पोह्यांच्या बशा, भरपूर जड.

"डाव्यानं धर. उजव्यानं एकेक दे. डाव्या हातानं द्यायचं नसतं, कळतं ना?"

मी आईकडे बघितलं. मॅडमनी काय सांगितलंय ते आईला माहीत होतं. आई माझा पदर नीट करत राहिली.

मी बाहेर गेले. पहिला कप मुलाच्या आईला दिला. दुसरा मामांना. डावा हात जड झाला, मग दुखायला लागला. तिसरा कप मुलाला देताना भिंतीवरचं घड्याळ बाजूला सरकलं. त्यानंतर मी खाली बसलेली होते आणि चहा फरशीवरून वाहत होता. मुलगा "अरे, अरे" म्हणत पाय वर घेऊन बसला होता. तो चांगला मुलगा असेलही.

"काही नाही, काही नाही!" आत्या धावली. "सकाळपासून खाल्लं नाही तिनं, घाबरलीय. लाजाळू आहे हो फार."

मुलाची आई म्हणाली, "बीपी लो असेल. मलाही होतं असं."

"हो हो, लोच आहे तिचं! लहानपणापासून!" आत्यानं ते इतक्या आनंदानं धरलं, जणू मला एक सोज्वळ आजार आंदण मिळाला.

मामा उठले, माझ्याजवळ बसले. सराईतासारखा त्यांनी माझा डावा हात घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. बोटं थांबली. सरकली. पुन्हा दाबली. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

ती नजर.

मला वाटलं, आता हे म्हणतील. डॉक्टर आहेत, म्हणतीलच. पण खोलीत सगळे बघत होते, त्यांच्या भाच्याचा कार्यक्रम होता, यजमानांचा मान होता. ते हसून म्हणाले, "फारच लो आहे. मीठ-साखरेचं पाणी द्या."

पप्पांनी मान खाली घातली. स्वयंपाकघरातून मला चमच्याचा आवाज आला, ग्लासात ढवळण्याचा. तोच, सकाळी माझ्या खोलीत यायचा तो.

आई बाहेर आली. तिच्या हातात स्टीलचा ग्लास होता. तिला सगळं माहीत होतं. पाणी नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागणार होतं, आणि ते तिला जमणार नव्हतं. तिनं ग्लास माझ्या ओठांजवळ आणला. तिच्या डोळ्यांत मला दिसलं, की ती माझी विनवणी करतेय.

ग्लास ओठांना लागला. मी तो उजव्या हातानं बाजूला केला, आणि तोच हात मामांसमोर धरला. माझा आवाज मला अनोळखी वाटला, जरा जास्तच मोठा.

"त्या हाताला नाडी नाही. ह्या हाताला बघा. मला लो बीपी नाही, माझ्या नसांना सूज आहे, फोटो आमच्या घरी कपाटात आहे. आणि आई, ते पाणी मोरीत ओत."